खारोड्यांचा डबा

दुपारचे तीन वाजून गेले, की आमच्या पांढुर्ण्याच्या घराच्या ओसरीवर एक आवाज होतो. शाळेतून आलेला माझा नातू, दप्तर अजून खांद्यावर असतानाच, पाकिटाची वरची कड दोन्ही हातांच्या चिमटीत धरतो, क्षणभर श्वास रोखतो आणि ओढतो. आत कोंडलेली हवा सुटते आणि तिच्यामागून टोमॅटोचा नव्हे, पण टोमॅटोची याद देणारा एक आंबट-तिखट वास थेट माजघरापर्यंत येतो. मग बराच वेळ नुसते कुरूम्-कुरूम्. पाकीट रिकामे झाले, की तो ते उलटे करून आतला रुपेरी चकचकीतपणा उन्हात धरतो, भिंतीवर पडलेला कवडसा इकडेतिकडे नाचवतो, आणि तळाशी उरलेली मसाल्याची भुकटी बोटाने टिपून घेतो. हे सारे तो इतक्या तन्मयतेने करतो, की त्यात व्यत्यय आणावा असे मला कधी वाटले नाही. मनाईहुकूम काढणे घरातल्या वडीलधाऱ्यांना नेहमीच सोपे असते. पण ज्या गोष्टीत एखादे मूल आपला सगळा जीव ओतते, ती गोष्ट हिरावून घेण्यापूर्वी तिच्यात काय आहे हे आपण पाहावे, असे मला वाटत आले आहे.

तो आवाज ऐकला की मला दुसराच एक आवाज ऐकू येतो. माझे माहेर सौंसरचे. वडील तहसील कचेरीत होते. संध्याकाळी ते घरी येण्याच्या थोडे आधी आई स्वयंपाकघरातल्या फळीवरचा पत्र्याचा डबा खाली काढी, आणि उलथन्याच्या दांड्याने त्याचे घट्ट बसलेले झाकण उचकटी. त्या झाकणाचा 'टप्' असा जो आवाज होई, तो अंगणात खेळणाऱ्या आम्हा चौघा भावंडांना, शेजारच्या घरातल्या तिघांना आणि बहुधा गल्लीतल्या कुत्र्यालाही ऐकू जाई. डबा वनस्पती तुपाचा होता. त्याच्यावरचे हिरव्या ताडाच्या झाडाचे चित्र घासून घासून पुसट झाले होते. आत असत खारोड्या: ज्वारीच्या किंवा बाजरीच्या भरड्याच्या, लसूण, तिखट, जिरे आणि तीळ घालून शिजवलेल्या, चिमटीचिमटीने कापडावर टाकून चैत्र-वैशाखाच्या उन्हात खडखडीत वाळवलेल्या. मूठभर खारोड्या, मूठभर फल्लीदाणे आणि असलाच तर कांद्याचा एक तुकडा, एवढ्या शिदोरीवर आम्ही दिवेलागणीपर्यंत बाहेर राहत असू.

आमचा हा मुलूख मोठा चमत्कारिक आहे. सातपुड्याचा घाट उतरून खाली आले, की भाषा बदलते, भाकरीचा आकार बदलतो आणि हवेत नागपूरची ऊब येते; पण नकाशावरची हद्द मात्र त्याच्याही खाली आहे. नागपूर ही जोवर मध्यप्रांत-वऱ्हाडची आणि पुढे जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी होती, तोवर हे कोणाला विशेष जाणवत नसे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर आणि वऱ्हाड मुंबई राज्यात गेले, आणि सौंसर-पांढुर्णा आपल्या ज्वारीसह, कपाशीसह आणि संत्र्याच्या बागांसह मध्यप्रदेशातच राहिले. तेव्हापासून कचेरीत हिंदी आणि चुलीपाशी मराठी अशी आमची वहिवाट आहे. २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला आणि त्यात सौंसर तहसील आली, तेव्हा माझे माहेर आणि सासर एका लहानशा जिल्ह्यात आले, याचा मला उगीच आनंद झाला. दुकानाच्या फळीवरही हीच सरमिसळ दिसते. इंदूरची शेव आणि नागपूरचा चिवडा खांद्याला खांदा लावून उभे असतात. गिऱ्हाईक 'नमकीन द्या' म्हणते, आणि दुकानदार 'कोनता पायजे?' असे विचारतो. दुकानाच्या तोंडाशी, मुलांच्या हाताला लागतील अशा उंचीवर, पाकिटांच्या माळा टांगलेल्या असतात. जत्रेतल्या पताकांसारख्या त्या वाऱ्याने हलतात.

एके दिवशी नातवाने टाकलेले पाकीट मी चष्मा लावून वाचले. आत जे सर्वांत जास्त आहे ते आधी लिहायचे, हा पाकिटावरच्या यादीचा शिरस्ता. तेव्हा पहिल्या शब्दाला महत्त्व असते. पहिला शब्द होता मका. मक्यानंतर तेल, मग तांदूळ, डाळ, मसाला, मीठ आणि पुढे आकड्यांनी ओळखले जाणारे काही पदार्थ. मका म्हटल्यावर मी थबकले. घाट चढून वर गेले, की छिंदवाड्याचे पठार लागते, आणि आज ते मक्यासाठीच प्रसिद्ध आहे. भाद्रपदात त्या रस्त्याने जावे तर दोन्ही बाजूंना तुऱ्यांचा समुद्र हेलावत असतो. कोण सांगावे, त्यातलाच एखादा दाणा कुठल्या दूरच्या गिरणीत, तिथून कुठल्या कारखान्यात आणि तिथून नव्या पोशाखात आमच्या ओसरीवर परत आलेला असेल.

या वाकड्यातिकड्या कुरकुरीत कांड्यांची जन्मकथा मोठी मनोवेधक आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात बेलॉइट नावाचे गाव आहे. तिथे १९३० च्या दशकात जनावरांचे खाद्य तयार करणारी एक गिरणी होती. यंत्र तुंबू नये म्हणून त्यात ओला मका घालत, आणि तापलेल्या यंत्राच्या तोंडातून तो फुगून, पोकळ होऊन, दोरीसारखा बाहेर पडे. गिरणीतल्या एका कामगाराने ते तुकडे घरी नेले, तेल-मीठ लावून घरच्यांना खायला घातले, आणि एका मोठ्या धंद्याचा उगम त्या घरगुती ताटलीतून झाला, असे सांगतात. बिकानेरच्या भुजियाची हकीगतही थोडीफार अशीच. घरात आत्याच्या हातची शेव शिकून घेतलेल्या एका मुलाने ती पुढे मटकीच्या पिठाची, बारीक करून दुकानात विकली. १९३७ साली त्याचे स्वतःचे दुकान झाले, आणि त्या घराण्याची एक शाखा नागपुरास येऊन स्थिरावली. म्हणजे आज जे पाकिटात आहे, ते कधीतरी कोणाच्या तरी घरात, कोणाच्या तरी आत्याच्या, नाहीतर बायकोच्या हाताखालून गेलेलेच आहे. हे कळल्यावर माझ्या मनातला परकेपणा बराचसा गळून पडला. ज्याला पाहुणा समजत होते, तो सोयरा निघाला.

आणि ती किमया तरी कोणती? दाण्यातल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही, आणि दाब एकदम सुटला की शिजलेले पीठ फुगून तसेच थिजते. नागपंचमीच्या लाह्यांत आम्ही दुसरे काय करत होतो? आई आदल्या रात्री ज्वारीला पाण्याचा हबका मारून ती ओल्या फडक्यात बांधून ठेवी, आणि सकाळी लोखंडी कढईत तापलेल्या वाळूवर दाणे पडले की चटाचट फुटून पांढरी फुले होत. तिथे यंत्राचे पोलादी तोंड नव्हते. दाण्याचे कवच हेच यंत्र होते. लाहीच्या पोटात जी हवा होती तीच पाकिटातल्या कांडीच्याही पोटात आहे. पाकिटात वरून आणखी नायट्रोजन वायू भरतात, तेलाला खवटपणा येऊ नये म्हणून. आमच्याकडे खवट होण्याइतके तेलच नव्हते, आणि होते ते आठ दिवसांत संपे.

गेल्या चैत्रात मी ठरवले, की नातवाला जे आवडते तेच आपण करून पाहायचे. खारोड्याच करायच्या, पण त्याच्या मनातल्या आकाराच्या. दोन किलो ज्वारीला अर्धा किलो तांदूळ घेतला, कारण नुसती ज्वारी फुलताना कंजुषी करते. पीठ ताकात रात्रभर भिजवले. सकाळी मोठ्या गंजात पाणी उकळायला ठेवले. त्यात ठेचलेला लसूण, जिरे, तीळ, वाळवलेला सांबार (कोथिंबिरीला आमच्याकडे सांबारच म्हणतात) घातला. आंबटपणासाठी कैरीच्या आंबोशीची पूड घेतली. पाकिटातल्या त्या आंबट सुवासाला घरात काय उत्तर आहे, याचा मी बरेच दिवस विचार करत होते. शेवटी ते बरणीच्या तळाशी, दोन वर्षांपूर्वीच्या कैऱ्यांत सापडले.

मिठापाशी मात्र हात अडला. आई मीठ मुठीने घाली. मी तशीच मूठ भरली, पण गंजात न टाकता ती नव्या वजनकाट्यावर ठेवली. काटा साठ ग्रॅमवर थांबला. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसाला दिवसभरात सगळे मिळून पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितले आहे, म्हणजे चहाचा एक चमचाही पुरता नव्हे. लहानांना त्याहून कमी. पाकिटावर निदान आकडा छापलेला असतो. आमच्या मुठीवर काहीच लिहिलेले नसे. घरचे ते सारे पथ्याचे, अशी जी आपली एक भाबडी समजूत असते, तिला त्या दिवशी माझ्यापुरता तडा गेला. पापडखारातही सोडियमच, चकली घरात तळली म्हणून तिचे तेल कमी होत नाही. आणि ज्या हिरव्या ताडाच्या डब्याची मला इतकी माया वाटते, त्यातल्या घट्ट केलेल्या तेलातून जी घातक चरबी पोटात जाते, तिला २०२२ सालापासून सरकारने शेकडा दोनची मर्यादा घातली आहे. आमच्या बालपणी तेच तूप प्रतिष्ठेचे होते. लग्नाच्या पंगतीत त्याच्याच पुऱ्या तळल्या जात, आणि ते डबे रिकामे झाल्यावर घराघरांतून धान्य, पापड आणि खारोड्या राखीत बसत. आईची निंदा करण्यासाठी मी हे लिहीत नाही. ती आपल्या काळाच्या समजुतीप्रमाणे प्रेमानेच वागली. पण तिच्या हातचे आठवताना तिची मूठही जशीच्या तशी उचलली पाहिजे, असे नाही. मी साठातले तीस ग्रॅम परत बरणीत टाकले, पापडखार बाजूला ठेवला, आणि उणीव भरून काढण्यासाठी लसूण दुप्पट केला.

उकड घोटायला शेजारच्या आजीबाई आल्या. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे, पण वाळवणाच्या दिवसांत त्यांना बोलवावे लागत नाही. गंजाखाली जाळ लागल्याचा वास त्यांना कळतो. त्यांनी बोट बुडवून पाहिले आणि मान हलवली. "उकड कच्चीच राह्यली बाई. बोटाले चिकटून राह्यली ना. अजून एक वाफ येऊ दे." तेव्हा आम्ही झाकण ठेवून आणखी जाळ दिला. पीठ पुरते शिजले नाही, तर वाळल्यावर कितीही तापवा, ते फुलायचे नाही. हे विज्ञान त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचलेले नाही, पण बोटाच्या टोकावर त्यांना ते अवगत आहे. मग ऊन ऊन उकड सोऱ्यात भरून जाड चकतीतून गच्चीवरच्या जुन्या लुगड्यावर पाडू लागलो. नातू करंगळीएवढे तुकडे तोडत होता, आणि प्रत्येक तुकड्याला मुद्दाम वाक देत होता. सरळ तुकडे त्याला नामंजूर होते. दोन तासांत ते लुगडे शेकडो लहान लहान वाकड्या अक्षरांनी भरून गेले. दुरून पाहणाऱ्याला वाटावे, की कोणी मोडीत लिहिलेले दफ्तर उन्हात पसरून ठेवले आहे.

तिसऱ्या दिवशी दुपारी पश्चिमेकडून आभाळ चढून आले. वळवाचा पाऊस आमच्याकडे नोटीस देऊन येत नाही. आधी धुळीची वावटळ, मग गरम मातीचा वास, आणि टपोरे थेंब. वाळवण घातलेल्या प्रत्येक गच्चीवर एकच धावपळ उडाली. कोणाचे पापड कोण गोळा करते आहे याचा हिशेब कोणी ठेवला नाही. पलीकडच्या गच्चीवरची सून आपल्या कुरड्या सोडून आमच्या लुगड्याचे एक टोक धरायला धावली, आणि आजीबाई जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहून नुसत्या आवाजाने सर्वांना हुकूम सोडत होत्या. आमचे लुगडे वाचले. काठाकडचे थोडे तुकडे भिजले, ते टाकून द्यावे लागले. नातू त्या भिजलेल्या तुकड्यांकडे असा पाहत उभा राहिला, की मला दुकानाच्या तोंडाशी टांगलेल्या त्या माळा आठवल्या. पाकीट पावसात भिजत नाही. पाकिटासाठी कोणी जिना धावत चढत नाही. अभ्राच्छादित आकाश पाहून नातवाच्या पोटात कालवाकालव व्हावी, असे त्याच्या आयुष्यात प्रथमच घडत होते.

पुढे पाच कडक उन्हे लागली आणि खारोड्या काचेसारख्या वाजू लागल्या. त्या तळायच्या नाहीत असे मी आधीच ठरवले होते. जुन्या कढईत खडेमीठ तापवले, आणि भडभुंजा जसा वाळूत फुटाणे भाजतो तशा मूठमूठभर त्यात परतल्या. मीठ आत शिरत नाही. चाळणीने चाळले की गळून जाते. कांड्यांचा रंग पालटला, अंगावर बारीक फोड आले, आणि त्या थोड्याशा फुगल्या. फार नाही. वरून अगदी थेंबभर फल्लीच्या तेलाचा हात लावून लाल तिखट भुरभुरले. नातवाने पहिली कांडी दातांखाली धरली तेव्हा मी जेवढी उत्सुक होते, तेवढी वडिलांच्या बदलीच्या हुकमाची वाट पाहतानाही कधी नव्हते. त्याने सावकाश चावली, डोळे मिटले, आणि म्हणाला, "आजी, ह्यात हवा कमी आहे." मग थोड्या वेळाने, दुसरी कांडी घेत, "पण ही वाकडी मी केलेली आहे."

पाकिटे त्यानंतर बंद झाली, असे मी म्हणणार नाही. ती आठवड्यातून दोनदा येतात, कधी तीनदा. पण फळीवरच्या स्टीलच्या डब्याचे झाकणही वाजते. लाह्यांचा गूळ घातलेला लाडू, जवसाची चटणी लावून भाजलेले मुरमुरे आणि आंबिया बहाराच्या संत्र्यांच्या सालींचा पाकातला मुरंबा असे आणखी काही प्रयोग मी केले. मुरंबा कडू झाला. साली तीनदा उकळून पाणी फेकायचे ते मी एकदाच फेकले होते. मुरमुरे मात्र चांगले टिकले.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याचे सारे लक्ष जांब नदीकडे असते. पात्रात रोवलेला पळस, त्यावरचा झेंडा, या काठावर पांढुर्णा आणि त्या काठावर सावरगाव. दोन्ही काठांवरून एकमेकांवर दगड फेकण्याचा, गोटमारीचा तो दिवस मला कधीच सोसत नाही. दगडांचा आवाज दूरवर येत राहतो आणि घरातल्या बायका कामात हात गुंतवून बसतात. म्हणून त्या दिवशी मी नातवाला घेऊन सौंसरला गेले. तिथे तान्हा पोळा होता. लहान लहान मुले चाकांचे लाकडी बैल ओढीत दारोदार येतात, बैलाला कुंकू लावायचे, आणि मुलाच्या हातात बोजारा द्यायचा. आमच्या लहानपणी बोजाऱ्यात चार आणे किंवा गूळ-फुटाणे मिळत. आता बहुतेक घरांतून एकेक पाकीट मिळते, आणि संध्याकाळपर्यंत मुलांच्या बैलांपेक्षा त्यांच्या पिशव्याच मोठ्या होतात. मी घरून नेलेल्या खारोड्या लहान कागदी पुड्यांत बांधून ठेवल्या होत्या. पहिल्या दोन मुलांनी पुडी घेतली, वास घेतला, आणि खिशात टाकली. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळले नाही.

तेव्हा नातू आत गेला आणि त्या दिवशी त्याला मिळालेली पाकिटे एकामागून एक फोडून भावंडांत वाटून आला. रिकामी पाकिटे त्याने फडक्याने आतून पुसली. मग ओट्यावर मांडी घालून तो माझ्या पुड्या सोडू लागला, आणि एकेक मूठ खारोड्या त्या रुपेरी पाकिटांत भरू लागला. वरची कड त्याने दुमडली, दोन्ही हातांनी दाबली. पुढची मुले आली तेव्हा बैलांना कुंकू मी लावले, आणि बोजारा त्याने दिला. मुलांनी पाकिटे घेतली आणि पायरीवरच फोडली.

तासाभराने त्यांतला एक मुलगा, बैल काखेत मारून, एकटाच परत आला. दाराशी उभा राहून त्याने विचारले, "काकू, अजून आहेत का? थोडं मीठ कमी आहे, पण चालते."

डब्यात पाहिले. तळाशी दोन मुठी उरल्या होत्या. एक मी त्याला दिली. नातू डब्याच्या काठावर हनुवटी टेकून आत पाहत होता. आता पुन्हा केव्हा करायच्या, असे त्याने विचारले. भाद्रपदातले ऊन ओले असते, त्यात काही वाळत नाही, चैत्र लागेपर्यंत थांबावे लागेल, असे मी त्याला सांगितले. चैत्र म्हणजे कोणता महिना, हे त्याला ठाऊक नव्हते. एप्रिल म्हटल्यावर तो पायरीवर बसून बोटांवर मोजू लागला. एका हाताची पाची बोटे संपली, तेव्हा त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले, आणि दुसऱ्या हाताचा अंगठा उघडला.